तीन पेन्सांचे भांडण



वसाहती साम्राज्यापासून का फुटतात, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येईल : जुलूम असह्य झाला म्हणजे फुटतात. आपल्या देशाच्या अनुभवावरून हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. परंतु साम्राज्याविरुद्ध उठून, ‘आम्ही आता स्वतंत्र आहोत’ असे कागदावर लिहून जगापुढे मांडणाऱ्या वसाहतींचे जे पहिले मोठे उदाहरण, ते या उत्तरात नीट बसत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा इंग्रज वसाहतींबद्दल मी बोलतो आहे. त्यांतल्या गोऱ्या रहिवाशांवर कराचे ओझे होते ते इंग्लंडातल्या साध्या माणसाच्या मानाने फारच हलके होते. जमीन मुबलक होती. छापखाने होते, वर्तमानपत्रे होती, लोकांनी निवडून दिलेल्या विधानसभा होत्या. असल्या सुखवस्तू प्रजेने बंड का करावे?

याहूनही चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. ज्या दोन जिनसांवरून हे भांडण पेटले आणि विकोपाला गेले, त्या दोन्हींच्या बाबतीत इंग्रज सरकारने बोजा वाढवला नव्हता, उलट कमी केला होता. साखरेच्या मळीवरचा कर निम्मा केला, तेव्हा ओरड सुरू झाली. चहा स्वस्त केला, तेव्हा तो समुद्रात फेकला गेला. दोन्ही वेळा कराचा आकडा एकच होता, तीन पेन्स. या तीन पेन्सांत एवढे काय होते, ते आज आपल्याला पाहावयाचे आहे.

आधी मळीची गोष्ट. बोस्टन आणि आसपासच्या बंदरांत मळीपासून रम दारू गाळण्याचा मोठा धंदा होता. ही मळी वेस्ट इंडीज बेटांतून येई, आणि फ्रेंच बेटांतली मळी इंग्रज बेटांतल्यापेक्षा स्वस्त पडे. इंग्रज बेटांवरचे साखरमळेवाले लंडनमध्ये वजनदार असल्यामुळे त्यांनी १७३३ मध्ये परक्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्सांचा कर बसवून घेतला. इतका कर भरला तर धंदाच बसला असता. म्हणून तो फारसा कोणी भरला नाही. जकातीवरच्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवावे आणि पिंपे उतरवून घ्यावीत, असा तीस वर्षे शिरस्ता पडला. कायदा होता, कर होता, वसुली नव्हती आणि भांडणही नव्हते. १७६४ मध्ये ग्रेनव्हिल या मुख्य प्रधानाने हा कर सहा पेन्सांवरून तीनवर आणला आणि त्याबरोबर सांगितले, की आता तो खरोखर वसूल होईल. आरमाराची जहाजे किनाऱ्यावर गस्त घालू लागली. चोरट्या मालाचे खटले दूर हॅलिफॅक्स येथे ज्यूरीशिवाय चालणाऱ्या न्यायालयात नेता येतील, अशी तजवीज झाली. आणि कायद्याच्या प्रारंभीच स्पष्ट लिहिले होते, की याचा हेतू महसूल उभा करणे हा आहे. पूर्वीचे कर व्यापाराला वळण लावण्यासाठी होते. हा पैसा काढण्यासाठी होता.

व्यापाऱ्यांची ओरड अगदी निर्मळ तत्त्वाची होती, असे मी म्हणणार नाही. चोरट्या व्यापारावर गबर झालेले कित्येक त्यांत होते, आणि १७६६ मध्ये हाच कर एक पेनीवर आला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी तो निमूटपणे भरला. पण इंग्रज सरकारलाही तीस वर्षांनी एकाएकी जाग का आली, हे समजून घेतले पाहिजे.

सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले. फ्रेंचांचा पाडाव होऊन कॅनडा इंग्रजांना मिळाला. मात्र त्या युद्धापायी इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होते, ते तेरा कोटींच्या घरात गेले. नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार फौज ठेवावयाची, असे ठरले. ग्रेनव्हिल हिशेबी माणूस. त्याचे म्हणणे असे, की युद्ध तुमच्याही रक्षणासाठी झाले, फौज तुमच्याच मुलखात राहणार, तेव्हा खर्चाचा काही वाटा तुम्ही उचला. या म्हणण्यात अप्रामाणिकपणा काही नव्हता, आणि लंडनमध्ये बसून पाहणाऱ्याला ते न्याय्यच वाटले असणार.

पण लंडनमध्ये बसून जे दिसत नव्हते ते हे, की वसाहतींची चूल केव्हाच वेगळी झाली होती. एकत्र कुटुंबात वाटणीपत्र मागाहून होते. कित्येक वर्षे आधी एका भावाने परगावी बिऱ्हाड केलेले असते, तो आपला कमावतो, आपले खातो, सणावाराला थोरल्याच्या पाया पडतो आणि सगळे सुरळीत आहे असे दोघांनाही वाटते. व्हर्जिनियात १६१९ मध्येच लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली होती. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा झाली. कर तीच बसवी. पुष्कळ ठिकाणी राजाने नेमलेल्या गव्हर्नराचा पगारदेखील तीच मंजूर करी, त्यामुळे गव्हर्नरसाहेब कोणाचे ऐकत हे सांगावयास नको. उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडात तर गावोगाव गावकीची सभा भरून रस्ता, शाळा, धर्मगुरू यांचे निर्णय होत. मध्ये अटलांटिक समुद्र; एक पत्र जाऊन उत्तर यावयास तीन-चार महिने लागावयाचे. अशा रीतीने दीडशे वर्षे गेली. पार्लमेंटविषयी आदर होता, पण तिचा हात कोणाच्या खिशाला लागला नव्हता.

आणि एक भीती होती, जी या बिऱ्हाडाला थोरल्या घराशी बांधून ठेवीत होती. उत्तरेला फ्रेंच होते. त्यांच्याशी लढण्यासाठी इंग्लंडचे आरमार लागे. १७६३ मध्ये ही भीती इंग्लंडने स्वतःच, आणि पुष्कळ पैसा खर्चून, नाहीशी केली. त्याच वर्षी राजाने जाहीरनामा काढून अॅपलेशियन पर्वताच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये, असा हुकूम दिला. पश्चिमेकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांना हा हुकूम सलला. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांपैकीच एक. त्या जमिनी ज्यांच्या होत्या त्या मूळच्या रहिवाशांना मात्र राजाची ती रेघ हाच काय तो आधार होता. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता स्टँपची हकीकत. स्टँपपेपर म्हणजे काय हे आपल्याला सांगण्याची जरूर नाही. घर, जमीन, कोर्टकचेरी यांच्याशी ज्याचा संबंध आला त्याने तो विकत घेतलेला आहे. इंग्लंडातही स्टँपचा कर जुनाच होता. १७६५ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने तो अमेरिकेला लावला. खरेदीखत, दावा, जहाजाचा कागद, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, फार काय खेळण्याचे पत्ते आणि फासे, या सर्वांवर सरकारी छाप पाहिजे. कर फार मोठा नव्हता. पण तो कोणाकोणावर पडला पाहा : वकील, छापखानेवाले, व्यापारी, खाणावळवाले. गावात ज्याला लिहिता येते, बोलता येते आणि ज्याच्या दुकानी चार माणसे जमतात, नेमका त्यालाच सरकारने डिवचले. याहून अडाणी करबसवणी शोधूनही सापडावयाची नाही.

ऑगस्टमध्ये बोस्टन येथे स्टँप विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एका झाडाला टांगला गेला, रात्री त्याच्या घरावर जमाव चालून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते काम सोडण्याचे कबूल केले. इतर वसाहतींतही एकामागून एक विक्रेते राजीनामे देऊ लागले. १ नोव्हेंबरला कायदा अमलात आला तेव्हा कागद होते, पण ते विकावयास माणूस नव्हता. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एरवी या वसाहतींचे एकमेकींशी पटत नसे. सरहद्दीचे तंटे, धर्मपंथांचे तंटे, व्यापाराची चुरस असा सगळा मामला होता. त्यांना एका मेजाभोवती बसवण्याचे श्रेय ग्रेनव्हिलला दिले पाहिजे.

त्यांचे म्हणणे काय होते? आम्ही इंग्रज आहोत, आणि आपल्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून कर न देणे हा इंग्रजाचा जुना हक्क आहे. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही. यावर लंडनचे उत्तर मोठे मासलेवाईक होते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या वाढत्या शहरांना तरी स्वतंत्र प्रतिनिधी कोठे आहे? पार्लमेंटचा प्रत्येक सभासद सगळ्या साम्राज्याचाच विचार करतो, तेव्हा तुमचेही प्रतिनिधित्व त्यात आलेच. ओल्ड सेरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीला मात्र दोन सभासद होते! मँचेस्टरचा माणूस हे ऐकून गप्प बसला, कारण त्याला दुसरे काही माहीत नव्हते. बोस्टनचा माणूस बसेना, कारण आपला प्रतिनिधी म्हणजे आपल्या गावचा, आपण निवडलेला आणि वाटेत गाठून जाब विचारता येईल असा माणूस, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते. दोघेही ‘प्रतिनिधी’ हा एकच शब्द वापरीत होते आणि दोघांचा अर्थ निराळा होता. दीडशे वर्षांच्या वेगळ्या चुलीने भाषेतही फरक पडला होता.

हा फरक किती खोल आहे हे चांगल्या चांगल्यांनाही कळले नव्हते. बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी लंडनमध्ये वसाहतींचा वकील म्हणून राहत होता. विजेचे प्रयोग करून जगप्रसिद्ध झालेला, साम्राज्याचा अभिमानी, मुलगा विल्यम न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर झाला याचे समाधान असलेला. स्टँपचा कायदा होणारच असे दिसल्यावर त्याने आपल्या एका मित्राचीच विक्रेता म्हणून शिफारस केली! आपल्या लोकांची नाडी ज्याला माहीत असावयाची, तोही चुकला. पुढच्या वर्षी पार्लमेंटपुढे त्याची साक्ष झाली, तेव्हा मात्र त्याने स्वच्छ सांगितले, की १७६३ पूर्वी हे लोक राजी होते, आता ते राहिलेले नाहीत.

१७६६ च्या मार्चमध्ये कायदा रद्द झाला. अमेरिकेत दिवे लागले, घंटा वाजल्या. न्यूयॉर्कच्या लोकांनी कृतज्ञतेने तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा मागवून उभा केला. पण ज्या दिवशी हा कायदा गेला त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक लहानसा कायदा केला. वसाहतींना बंधनकारक होतील असे कायदे कोणत्याही बाबतीत करण्याचा आम्हांला अधिकार आहे, एवढेच त्यात म्हटले होते. त्यात ना कर, ना शिक्षा. अब्रू राखण्यासाठी काढलेला कागद.

माझ्या मते साम्राज्य फुटले ते या कागदाने. तोवर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि न विचारल्यामुळेच सगळे चालले होते. विधानसभा समजे की कर आपण बसवावयाचा. पार्लमेंट समजे की मनात आले तर आपण बसवू शकतो. दोन्ही समजुती शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. आता प्रश्न कागदावर आला. त्याचे उत्तर ‘होय’ म्हटले तर आपली विधानसभा म्हणजे पार्लमेंटने चालू दिली आहे तोवर चालणारी; ‘नाही’ म्हटले तर साम्राज्य कसले? मधली वाट बंद झाली. यापुढे कोणताही कर, कितीही लहान असो, त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच वाचला जाणार होता.

१७६७ मध्ये टाउनशेंड याने काच, शिसे, कागद, रंग आणि चहा यांवर जकात बसवली. वसाहतींनी विलायती मालावर बहिष्कार घातला; बायका चरखे घेऊन बसल्या, कॉलेजातल्या मुलांनी पदवीसमारंभाला घरच्या सुताचे कपडे घातले. ही वर्णने वाचताना आपल्याला आपल्याकडच्या स्वदेशीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बोस्टनमध्ये फौज आली. ५ मार्च १७७० रोजी शिपाई आणि जमाव यांच्या झटापटीत गोळीबार होऊन पाच माणसे मेली. (त्या शिपायांचे वकीलपत्र पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जॉन अॅडम्सने घेतले आणि आठांपैकी सहांना निर्दोष सोडवले. बंडखोरांचा हा गुण विसरू नये.) योगायोग असा, की त्याच दिवशी लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थ या जकाती रद्द करण्याचा ठराव मांडीत होता. सगळ्या रद्द केल्या, एक सोडून. चहावरचे पौंडामागे तीन पेन्स ठेवले, आपला हक्क आहे हे दिसावे म्हणून.

आता या गोष्टीत आपला देश येतो. चहा चीनचा, पण तो आणणारी ईस्ट इंडिया कंपनी. बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनीच्या भागीदारांनी गलेलठ्ठ नफ्याची स्वप्ने पाहिली आणि इंग्रज सरकारनेही तिच्याकडून दरसाल चार लाख पौंड ठरवून घेतले. १७७० मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला; प्रांताची एक-तृतीयांश वस्ती गेली, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचाच अंदाज होता. फौजेचा खर्च वाढलेला, नोकर लुटारू, त्यात १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या. कंपनी दिवाळ्याच्या दारात उभी राहिली, आणि तिच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून होता. तिला वाचवण्यासाठी १७७३ मध्ये पार्लमेंटने कर्ज दिले, तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग अॅक्ट केला, जो आपण शाळेत शिकतो. आणि तिसरा एक कायदा केला, जो आपल्याला शाळेत शिकवीत नाहीत. इंग्लंडातली जकात माफ करून कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत, आपल्या नेमलेल्या आडत्यांमार्फत विकण्याची मोकळीक दिली. हा चहा डचांच्या चोरट्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. ते तीन पेन्स तेवढे काढून टाका, असे पार्लमेंटमध्ये सुचवले गेले होते. नॉर्थ ऐकेना.

अमेरिकेतल्या माणसाने यात काय पाहिले? स्वस्त चहा प्यायला, म्हणजे कर दिला; कर दिला, म्हणजे १७६६ च्या कागदावर सही केली. व्यापाऱ्यांनी आणखी पाहिले : आज चहाचा मक्ता, उद्या कशाचा? पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने तर लिहिले, की या कंपनीने आशियात काय केले ते पाहा, आता तिची नजर अमेरिकेवर आहे. बंगालच्या उपासमारीची बातमी अटलांटिक ओलांडून गेली होती आणि तिचा असा उपयोग झाला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावरील तीन जहाजांवर चढून, मोहॉक लोकांचे सोंग घेतलेल्या जमावाने सुमारे ३४० पेट्या फोडून चहा पाण्यात ओतला.

ही बातमी लंडनला पोचली त्या जानेवारीत फ्रँकलिनला प्रिव्ही कौन्सिलपुढे बोलावून तासभर उभे ठेवण्यात आले आणि सरकारी वकिलाने भर दरबारात त्याची निर्भर्त्सना केली. उमराव हसत होते. वय वर्षे अडुसष्ट. तो एक शब्द बोलला नाही. पण इंग्लंडला तडजोडीसाठी जो माणूस सर्वांत उपयोगी पडला असता तो त्या दिवशी गमावला.

त्यानंतर शिक्षा आल्या. चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टनचे बंदर १ जून १७७४ पासून बंद. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. गावकीची सभा गव्हर्नराच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरवावयाची. एका उर्मट गावाला धडा शिकवावा, बाकीचे घाबरतील, असा हिशेब. बाकीच्यांनी बोस्टनला मेंढ्या, धान्य, तांदूळ पाठवले. चहा ओतण्याचा प्रकार ज्यांना मुळीच पसंत नव्हता असे कित्येक प्रतिष्ठित लोक या वेळी फिरले. कारण मॅसॅच्युसेट्सची सनद फाडता येते तर आपलीही येते, हे उघड होते. सप्टेंबरात बारा वसाहतींची परिषद फिलाडेल्फियात बसली. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे पहिला रक्तपात झाला.

तरीही ते राजनिष्ठ होते! ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते. लढाई चालू असता जुलैमध्ये त्यांनी राजाला अत्यंत नम्र अर्ज पाठवला. पार्लमेंटचा आमच्यावर अधिकार नाही, आमचे नाते फक्त राजाशी, असा त्यांचा नवा सिद्धान्त होता, आणि साम्राज्याशी जोडणारा तेवढाच एक धागा उरला होता. राजाने अर्ज घेण्याचे नाकारले आणि ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवले. वर्षअखेर त्यांची जहाजे पकडण्याची मुभा देणारा कायदा झाला. जर्मन संस्थानिकांकडून भाडोत्री फौज घेण्याची बोलणी सुरू झाली. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन याचे ‘कॉमन सेन्स’ हे लहानसे पुस्तक निघाले. पेन इंग्लंडातून येऊन धड चौदा महिनेही झाले नव्हते. तिकडे अबकारी खात्यातून काढून टाकलेला, धंद्यात बुडालेला माणूस. पार्लमेंटवर सगळेच बोलत. त्याने राजावर आणि राजेपणावर हात टाकला, आणि तोही सुताराला, शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत. सहा महिन्यांत हवा बदलली.

४ जुलै १७७६ चा जाहीरनामा पुष्कळांनी प्रारंभीच्या दोन-चार वाक्यांपुरताच वाचलेला असतो. त्याचा मोठा भाग म्हणजे आरोपांची यादी आहे, आणि जवळजवळ प्रत्येक आरोपाचा कर्ता ‘तो’, म्हणजे राजा. भांडण बारा वर्षे पार्लमेंटशी झाले, आणि पार्लमेंटचे नाव त्यात नाही! हा विसर नव्हे. पार्लमेंटशी नाते तोडतो म्हटले तर ते होते असे कबूल केल्यासारखे झाले असते. शिवाय बंडखोर प्रजेशी फ्रान्सला उघड तह करता येत नव्हता, स्वतंत्र राष्ट्राशी येत होता. तेव्हा हा कागद पॅरिससाठीही होता. पाच दिवसांनी न्यूयॉर्कच्या जमावाने राजाचा तो पुतळा पाडला. त्याच्या शिशाच्या चाळीस हजारांवर बंदुकीच्या गोळ्या झाल्या.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहती तेराच नव्हत्या. जमैका, बार्बाडोस येथेही जुन्या विधानसभा होत्या, तेच कायदे होते, तोच स्टँप होता. जमैकाच्या विधानसभेने १७७४ च्या अखेरीस राजाला अर्ज करून तेरा वसाहतींची बाजूही मांडली. पण आमच्यात विरोध करण्याचे सामर्थ्य नाही, हेही त्यातच लिहिले. कारण उघड होते. तेथे एका गोऱ्यामागे दहापेक्षा अधिक गुलाम होते. १७६० मध्ये टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारीपणाखाली मोठे बंड झाले होते. इंग्रज फौज गेली तर आपले काय, ही भीती मळेवाल्यांना रात्री झोपू देत नव्हती. तक्रार तीच, हक्काची भाषा तीच. फरक एवढाच, की तेरा वसाहतींची भीती १७६३ मध्ये संपली होती आणि जमैकाची संपली नव्हती.

पण मुख्य भूमीवरही गुलाम होतेच. सुमारे पंचवीस लाखांच्या वस्तीत पाच लाख. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा शाही गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त होतील. त्याच्या मनात दया नव्हती, डावपेच होता. तरी शेकडो माणसे जीव धोक्यात घालून त्याच्याकडे पळाली. त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य राजाच्या छावणीत होते. जेफर्सनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक परिच्छेद लिहिला होता. काँग्रेसने तो काढून टाकला, आणि जेफर्सन स्वतःही शेकडो गुलामांचा धनी होता. हा डाग पुसण्यास त्या राष्ट्राला यादवी युद्ध करावे लागले. त्या कामाबद्दलच महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. मूळच्या रहिवाशांची ती पर्वतावरची रेघ मात्र राजाबरोबर गेली आणि परत कोणी ओढली नाही.

वाटणी झाली की घरे मधोमध चिरतात. विल्यम फ्रँकलिन राजनिष्ठ राहिला, पकडला गेला, तुरुंगात पडला. तो कैदेत असताना त्याची बायको वारली. बापाने सोडवण्यासाठी बोट उचलले नाही. युद्धानंतर मुलाने समेटाचे पत्र लिहिले, त्याला थंड उत्तर आले, आणि मृत्युपत्रात त्याच्या वाट्याला नावापुरते काही आले. तेरा वसाहती सोडून गेलेल्या अशा राजनिष्ठांची संख्या साठ हजारांच्या घरात भरते.

१७७८ मध्ये पार्लमेंटने वसाहतींवर महसुलासाठी कर बसवण्याचा हक्क स्वतः कायदा करून सोडला. दहा वर्षांपूर्वी हे केले असते तर! तोवर फ्रान्सशी तह झाला होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला, आणि पुढे टिपूवरच्या मोहिमेत मराठ्यांचा दोस्त म्हणून आपल्या इतिहासात शिरला.

१७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना इंग्रजांनी आपल्याकडे पळून आलेल्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावे एका वहीत लिहून घेतली आणि त्यांना जहाजात बसवले. ही आमची मालमत्ता आहे, परत द्या, असे वॉशिंग्टनने समक्ष भेटून मागितले. सेनापती कार्लटनने ते नाकारले. त्या वहीत हॅरी वॉशिंग्टन असे एक नाव आहे. तो स्वतः जॉर्ज वॉशिंग्टनच्याच वाड्यावरचा गुलाम, युद्धात पळून डनमोरकडे गेलेला. नोव्हा स्कोशियाच्या थंडीत नऊ वर्षे काढून १७९२ मध्ये तो सुमारे बाराशे सोबत्यांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सिएरा लिओनला गेला. तेथे लंडनच्या एका कंपनीचा अंमल होता. कंपनीने या लोकांच्या जमिनींवर सारा बसवला. त्यांनी तो देण्याचे नाकारले, आपल्यातून आपले पंच निवडले आणि १८०० च्या सप्टेंबरात आपले स्वतःचे कायदे लिहून चव्हाट्यावर लावले. कंपनीने नुकत्याच उतरलेल्या फौजेकरवी ते बंड मोडले, आणि हॅरी वॉशिंग्टनला खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर हद्दपार केले.